अंड्यावर आलेली तलंग तीन दिवसांपासून मलूल आहे. अंडे अडकले असेल का?

माडाखालची | १० मे, सकाळी ८.१५

आमचे घर कुडाळ तालुक्यात आहे आणि परसात ग्रामप्रिया जातीच्या पाच तलंगा (अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्या) आहेत. २० नोव्हेंबरला जन्मलेली ही पिल्ले आम्ही डिसेंबरच्या मध्यात आणली. त्यांचे वय आता साडेपाच महिन्यांच्या पुढे गेले असल्यामुळे अंडी आज-उद्या सुरू होतील, असे सगळेच सांगतात. चौघींचे तुरे लालभडक झाले आहेत आणि त्यांतल्या दोघी तर पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली बसतात.

पाचवी, जिला आम्ही तांबडी म्हणतो, ती गुरुवारपासून मलूल आहे. दिवसभर जास्वंदीखाली पिसे फुगवून आणि डोळे अर्धवट मिटून बसते. कणी टाकली तर उठून येते, चार दाणे टिपते आणि पुन्हा तिथेच जाऊन बसते. विष्ठा थोडी पातळ असून हिरवट-पांढरी आहे, रक्त मात्र दिसले नाही. खोकला, शिंका किंवा नाकातून पाणी असेही काही नाही. पिल्ले लहान असताना लासोटा ही मानमोडीची पहिली लस आणि दोन महिन्यांची झाल्यावर मानमोडीची दुसरी लस दिली होती. खाद्य म्हणजे सकाळी ग्रोवर (वाढत्या कोंबड्यांचे तयार खाद्य), संध्याकाळी तांदळाची कणी आणि दिवसभर परसात मिळेल ते. खुराडे पडवीला लागून चिऱ्याचे बांधलेले आहे, आत भाताचे तूस पसरलेले असते. हल्ली उकाड्यामुळे संध्याकाळी आत जायला सगळ्याच कुरकुर करतात, एक-दोघींना तर हाकलूनच आत घालावे लागते.

अंडे अडकले असेल का, आणि कॅल्शियमचे औषध आजच सुरू करावे का, एवढेच विचारायचे आहे. आज रविवार असल्यामुळे दवाखान्यात उद्याच जाता येईल. शेजारच्या काकूंनी मात्र "ती काही आता राहात नाही, आजच कापा" असा निकाल देऊन टाकला आहे.

देशावरचा | १० मे, सकाळी ९.०२

ताई, वय आणि लक्षणे पाहता अंडे अडकले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका तलंगीचे असेच झाले होते. तेव्हा कोमट पाण्याच्या घमेल्यात तिला पंधरा-वीस मिनिटे पोटापर्यंत बसवले, पुसून कोरडी केली, अंधाऱ्या खोलीत डालग्याखाली ठेवली आणि चमचाभर एरंडेल पाजले. संध्याकाळपर्यंत अंडे बाहेर आले. कॅल्शियमही लगेच सुरू करावे, त्यात तोटा काहीच नाही.

निवृत्त_पशुवैद्य | १० मे, सकाळी १०.४०

देशावरचा यांनी सांगितलेला कोमट पाण्याचा उपाय चांगला आहे, पण तो अंडे खरोखरच अडकले असेल तेव्हाचा. एरंडेल मात्र कोणीही पाजू नये. तोंडातून गेलेले तेल आतड्यात जाते. अंडे असते अंडनलिकेत, आणि त्या दोन वाटा शेवटी गुदद्वाराच्या आतल्या बाजूला एकत्र येतात. तेलाने अंडे निसटेल ही कल्पना त्यामुळे मुळातच चुकीची आहे. शिवाय मलूल कोंबडीला चमच्याने तेल पाजताना ते श्वासनलिकेत उतरले तर ती न्यूमोनियाने मरते. आपली कोंबडी बरी झाली ती पाण्याच्या उबेने आणि अंधारातल्या स्वस्थतेने, असे मी म्हणेन.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. तलंगीचे वय अंड्याचे झाले की तिच्या प्रत्येक दुखण्याला अंडेच कारण आहे असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागते. अंडे अडकलेली कोंबडी नुसती मलूल बसत नाही. ती शेपूट खाली घालून, अंग उभे धरून पेंग्विनसारखी उभी राहते, पुनःपुन्हा कुंथते, अंडी घालायच्या पेटीत जाते आणि रिकामीच बाहेर येते. आपण लिहिलेल्या वर्णनात यातले काहीच नाही. म्हणून औषधाआधी कोंबडी हातात घेऊन पाहावी, आणि शक्यतो उद्या पहाटे दाणा टाकण्यापूर्वी पाहावी.

गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला, अन्नपिशवी असते. रात्रभर पचन झाल्यावर ती सकाळी रिकामी हवी. ती कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली, किंवा पाण्याने डबडबलेली आणि आंबूस वासाची लागली तर दुखणे तिथेच आहे. नंतर बोट छातीच्या मधल्या हाडावरून फिरवावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर आजार चार दिवसांचा आहे, आणि हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत असेल तर तो कित्येक आठवड्यांचा आहे, आपल्याला दिसला एवढाच तीन दिवसांपूर्वी.

तिसरी गोष्ट अंड्याची. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक, टोकदार हाडे लागतात. अंड्यावर न आलेल्या तलंगीत त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट बसते. अंड्यावर आली की दोन ते तीन बोटे बसतात आणि हाडेही लवचिक होतात. गुदद्वार लहान, कोरडे आणि गोल असेल तर अंडे अजून दूर आहे. मोठे, ओलसर आणि आडवे पसरलेले असेल तर जवळ आहे. पोट दाबून अंडे शोधू नये, कारण अंडे असलेच तर ते आत फुटते, आणि फुटलेल्या कवचाची जखम अडकलेल्या अंड्यापेक्षा वाईट असते.

शेवटी चोच उघडून तोंडाच्या आतला रंग पाहावा आणि तुऱ्याचा रंग इतर चौघींच्या तुऱ्यांशी ताडून पाहावा.

तोपर्यंत तिला इतरांपासून वेगळे ठेवावे, सावलीत गार पाणी द्यावे आणि गूळ-मिठाची चिमूट घातलेले पाणी दिवसातून एकदा पुढे करावे. पाय ओढत चालते का, विशेषतः एक पाय पुढे आणि एक मागे असा पसरून बसते का, तेही पाहावे. या वयात मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची तीच खूण असते. आणि दोन-चार दिवसांत दुसरी, तिसरी अशा कोंबड्या पटापट बसू लागल्या तर घरगुती उपचार थांबवून लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवावे. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हापासून याबाबत संकोच करण्याचे कारण उरलेले नाही. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

काकूंच्या सल्ल्याविषयी एवढेच सांगतो की आजाराचे नाव कळल्याशिवाय आजारी कोंबडी कापून खाऊ नये.

रानवाटा | १० मे, दुपारी १.२०

कॅल्शियमबद्दलचे उत्तर राहून गेले आहे. माझ्याकडेही चार तलंगा आहेत आणि दुकानदाराने तेराव्या आठवड्यापासूनच लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे) सुरू करायला सांगितले होते. ते योग्य होते का?

निवृत्त_पशुवैद्य | १० मे, दुपारी ४.०५

योग्य नव्हते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते कवच चढायला जवळजवळ वीस तास लागतात, म्हणून लेयर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घालतात. ग्रोवरमध्ये ते एक टक्क्याच्या आसपास असते. अंडी सुरू नसलेल्या पक्ष्याला ते वरचे कॅल्शियम कुठे खर्चच करता येत नाही. ते मूत्रपिंडावाटे बाहेर टाकावे लागते आणि महिनोन्‌महिने तसे चालले तर मूत्रपिंडे निकामी होतात. परसातल्या कोंबड्यांसाठी सोपा मार्ग असा की पहिले अंडे दिसेपर्यंत ग्रोवर चालू ठेवावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. ज्या पक्ष्याला गरज आहे तो आपणहून टिपतो, बाकीचे त्याकडे ढुंकूनही पाहात नाहीत. कोकणात तिसऱ्यांच्या शिंपल्या उकिरड्यावर जातात, त्या धुऊन, भाजून, कुटून ठेवल्या की वर्षभर विकत आणायला नको.

माडाखालची | ११ मे, सकाळी ७.३०

डॉक्टर, आपण सांगितल्याप्रमाणे पहाटे साडेपाचला तिला हातात घेतले. अन्नपिशवी रिकामी होती. छातीचे हाड मात्र अगदी धारदार लागले आणि मला वाईट वाटले, कारण पिसांमुळे ती वरून चांगली गुटगुटीत दिसते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन १ किलो १०० ग्रॅम भरले, तर इतर चौघी दीड किलोच्या पुढेमागे आहेत. हाडांमध्ये एकच बोट बसते, तेही ओढूनताणून. गुदद्वार लहान आणि कोरडे आहे. चाल सरळ आहे, पाय ओढत नाही.

तोंडाच्या आतला रंग पाहून धक्का बसला. इतरांचे तोंड आतून गुलाबी आहे, हिचे जवळजवळ पांढरे आहे. तुऱ्याबद्दल मुलीने एक गोष्ट लक्षात आणून दिली. एप्रिलच्या मध्यात काढलेल्या फोटोत तांबडीचा तुरा बाकीच्यांसारखाच लाल व्हायला लागलेला दिसतो. आज तो पिकत आलेल्या पेरूच्या आतल्या भागासारखा फिका आहे.

पिसांखाली, पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उन्हात नीट पाहिले. एकही ऊ दिसली नाही.

निवृत्त_पशुवैद्य | ११ मे, सकाळी ८.५०

मुलीला शाबासकी द्यावी. या वयात तुरा एकाच दिशेने जातो, फिक्याकडून लालकडे. लाल होऊ लागलेला तुरा उलट फिका पडला, तोंड पांढरे झाले आणि छाती आटली, याचा अर्थ पक्ष्याचे रक्त कमी होते आहे आणि ते बरेच दिवस कमी होते आहे. अंड्याचा विषय इथे संपला.

रक्त जाण्याच्या वाटा दोन. एक आतली, म्हणजे रक्ती हगवण किंवा जंत. त्यासाठी आज ताजी विष्ठा लहान डबीत घेऊन दवाखान्यात तपासायला द्यावी. दुसरी बाहेरची. आपण दिवसा पाहून ऊ नाही म्हणता, ते खरेच असेल. पण मी आपला पहिला मजकूर पुन्हा वाचला. त्यात सगळ्याच तलंगा संध्याकाळी खुराड्यात जायला कुरकुर करतात असे एक वाक्य आहे, आणि आपण ते उकाड्यावर ढकलले आहे. कोंबडी अंधार पडला की घर शोधते. तिला घरात जावेसे वाटत नसेल, तर घरात काहीतरी आहे.

लाल माइट नावाचा एक किडा असतो, जेमतेम एक मिलिमीटरचा. तो ऊ नव्हे. ऊ कोंबडीच्या अंगावरच राहते. हा दिवसभर फटीत लपतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि उजाडण्यापूर्वी परत फटीत जातो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी करून पाहिली तरी तो सापडत नाही.

आज रात्री दहाच्या सुमारास बॅटरी आणि पांढरे सुती फडके घेऊन खुराड्यात जावे. ज्या आडव्या काठीवर त्या बसतात तिच्या खालच्या अंगाने फडके दाबून फिरवावे, विशेषतः काठी भिंतीत जाते त्या टोकाशी. तांबडी रात्री कुठे बसते तेही पाहावे.

माडाखालची | ११ मे, रात्री ११.१०

आत्ताच हातपाय धुऊन लिहायला बसले आहे, तरी अंगावर काहीतरी चालते आहे असे सारखे वाटते.

फडके काठीखालून एकदाच फिरवले आणि त्यावर कुंकवाचे बोट ओढावे तशा तीन-चार लाल रेघा उमटल्या. नंतर बॅटरी काठीच्या टोकाकडे धरली. काठी जिथे चिऱ्यात बसवली आहे तिथे चिऱ्याच्या भोकांत राखाडी पूड साठल्यासारखी दिसत होती, मी ती धूळ समजले असते. फुंकर मारली तर ती पूड चालायला लागली. काही ठिपके राखाडी, काही गडद लाल. जांभ्या चिऱ्याला भोकांची काय कमी, त्या एका भिंतीत हजारो लपले असतील.

तांबडी त्याच टोकाला, भिंतीला अगदी चिकटून बसली होती. बाकीच्या चौघी तिला टोचून कडेला सारतात हे मला ठाऊक होते, पण त्या कोपऱ्याचा अर्थ आज कळला. तिच्या पायांवर आणि छातीखाली किडे चढताना दिसत होते. इतरांच्या अंगावरही होते, पण थोडे.

पाचही जणींना आजच्या रात्रीपुरते पडवीत डालग्यांखाली ठेवले आहे. विष्ठा सकाळी दवाखान्यात दिली होती. जंतांची थोडी अंडी आहेत, रक्ती हगवणीचे काही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

चुलीपाशी | १२ मे, सकाळी ६.५५

आमच्या आंबा बागेत फवारायचे कीटकनाशक घरात होते, तेच आम्ही एकदा पातळ करून कोंबड्यांवर आणि खुराड्यात फवारले होते. किडे एका दिवसात गेले. ताईंनी तेच करून पाहावे.

निवृत्त_पशुवैद्य | १२ मे, सकाळी ७.४०

कृपया करू नये. पिकावरची औषधे पक्ष्याच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातात, आणि पुढे अंड्यात उतरतात. १ किलो १०० ग्रॅमच्या, रक्त आटलेल्या तलंगीवर तसा फवारा म्हणजे किड्यांआधी तीच जायची. पक्ष्यांच्या अंगावर वापरण्याची औषधे वेगळी असतात, ती आणि जंताचे औषध तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडूनच वजनानुसार मात्रा ठरवून घ्यावे. त्या काळातली अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही त्यांनाच विचारावे. औषध पाचही जणींना द्यायचे, एकटीला नाही.

माझ्या मते कोंबडीपेक्षा भिंतीवर मेहनत जास्त हवी, कारण किडे भिंतीत आहेत. तूस सगळे बाहेर काढून जाळावे. काठी काढून टाकावी. चिऱ्याच्या भिंतीवर फ्लेम गन फिरवता आली तर उत्तम, पण छप्पर गवताचे किंवा झावळ्यांचे असेल तर आगीचे नावही काढू नये. अशा वेळी उकळते पाणी भोकाभोकांत ओतावे. भिंत वाळल्यावर भोके आणि सांधे बुजवून दाट चुना दोन हात द्यावा. नवी काठी भिंतीत न खुपसता दोन सुट्या पायांवर ठेवावी, म्हणजे भिंतीतून कोंबडीकडे यायला किड्याला वाट राहात नाही.

उन्हाळ्यात अंड्यापासून रक्त पिणारा किडा व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आजच्या सफाईतून अंडी वाचणारच, म्हणून सातव्या-आठव्या दिवशी सगळे पुन्हा करावे, आणि नंतर आणखी एकदा. हा किडा रक्ताशिवाय कित्येक महिने जिवंत राहतो, त्यामुळे खुराडे नुसते रिकामे ठेवून तो मरेल अशी आशा धरू नये.

तांबडीसाठी प्रथिने वाढवावीत. कणी पोट भरते, रक्त भरत नाही. ग्रोवर खाद्य दोन्ही वेळ द्यावे, शेवग्याचा पाला बारीक चिरून द्यावा, सुका जवळा बिनमिठाचा असेल तर चिमूटभर द्यावा. खारवलेली सुकी मासळी मात्र देऊ नये, मीठ कोंबडीला झेपत नाही.

माडाखालची | २१ मे, संध्याकाळी ६.२०

दुसरी सफाई परवा झाली. छप्पर कौलारू असल्यामुळे गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून फ्लेम गन आणली होती. भिंतीवरून ज्योत फिरताना भोकांतून बारीक तडतड ऐकू येत होती, मोहरी फुटावी तशी. भोके सिमेंटने बुजवली, वरून चुना दिला. परसात एका जुन्या टायरमध्ये चुलीची राख आणि कोरडी माती ठेवली आहे, तिथे पाचही जणी दुपारी लोळतात. संध्याकाळी हाकलावे लागत नाही, दिवेलागणीला आपल्या आपण आत जातात. हे पहिल्या सफाईच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाले.

१७ तारखेला एकीने पहिले अंडे घातले, आणि काल दुसरीने. औषधाचे दिवस संपेपर्यंत अंडी खड्ड्यात पुरतो आहोत, ते काकूंना अजिबात पटलेले नाही. तांबडी जास्वंदीखाली बसत नाही, इतरांबरोबर हिंडते. वजन १ किलो १८० ग्रॅम आहे. तुरा अजून फिका आहे. ती अंड्यावर येईल का, की या आजारपणाने कायमची मागे पडली?

निवृत्त_पशुवैद्य | २१ मे, रात्री ९.००

येईल, घाई करू नये. शरीर आधी रक्त भरून काढते, मग मांस, आणि अंड्याचा विचार सगळ्यांत शेवटी करते. तुरा हा तिचा निरोप आहे असे समजावे. तो लाल होऊ लागला की दोन-तीन आठवड्यांनी पेटीकडे लक्ष ठेवावे. पाच जणींना काठी अपुरी पडत नाही ना, तेवढे पाहावे; तिला कडेला ढकलणे बाकीच्या सोडणार नाहीत, पण कडेला भिंत नसली म्हणजे झाले.

माडाखालची | २४ जून, सकाळी ९.४५

पाऊस लागल्यापासून लिहायचे राहून गेले होते. तांबडीने आज सकाळी पहिले अंडे घातले, पेटीत नव्हे, पडवीत रचलेल्या नारळाच्या सुक्या सोडणांच्या ढिगावर. वजन ३८ ग्रॅम, कवच चांगले टणक, बाहेरून रक्ताची एक बारीक रेघ. घालून झाल्यावर तिने जो ओरडा केला तो काकूंच्या घरापर्यंत गेला आणि त्या बघायला आल्या. अंडे हातात घेऊन त्यांनी फक्त "लहान आहे" असे म्हटले.

ती रक्ताची रेघ काळजीची आहे का?

निवृत्त_पशुवैद्य | २४ जून, दुपारी १२.१५

पहिल्या एक-दोन अंड्यांवर अशी रेघ असते, वाट पहिल्यांदाच ताणली जाते म्हणून. आठवड्यानंतरही दिसत राहिली तर कळवावे. आता सगळ्यांचे खाद्य लेयर करावे.

देशावरचा | २४ जून, रात्री १०.५०

डॉक्टर, हा धागा वाचत होतो म्हणून आज सहज फडके घेऊन आमच्या खुराड्यात गेलो. काठीवर दोन लाल रेघा मिळाल्या. आमची भिंत पत्र्याची आहे, तिच्यात फट नाही, काठी मात्र बांबूची आहे आणि टोके उघडी आहेत. ती उकळत्या पाण्याने धुतली तर चालेल का?

निवृत्त_पशुवैद्य | २५ जून, सकाळी ६.३०

बांबूच्या आतली पोकळी हेच त्यांचे घर आहे, तिथे पाणी पोचत नाही. बांबू आजच जाळावा आणि खुराड्यात भरीव लाकडाची काठी घालावी. फडके सात दिवसांनी पुन्हा फिरवावे.